लॅपटॉपची हार्डडिस्क बदलून विंडोज परत टाकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळात माझं लॅपटॉप-प्रिंटर दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. गणपती आटोपले की आठवड्याभरात काउंटरवर पाच-सहा जुने लॅपटॉप येऊन पडतात. सगळ्यांची कथा एकच, मुंबईच्या काकांनी चतुर्थीला येताना आणला, "पोराक कॉलेजात कामाक येतलो" म्हणून दिला, आणि आता तो चालू होईपर्यंत चहा पिऊन कप विसळून होतो. तेच तेच फोनवर सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहून काढलं. क्रम मात्र एकच लक्षात ठेवा : आधी डेटा बाहेर, मग डिस्क, मग विंडोज. दुकानात येणारी दहातली आठ माणसं हे उलटं करून येतात.

"चालू होवक अर्धो तास लागता, हार्डडिस्क गेली काय?"

गेलीच असेल असं नाही, बऱ्याचदा ती मुळातच तेवढीच हळू असते. जुन्या लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला ५४०० फेरे फिरते आणि एक सुई तिच्यावर जागा शोधत हिंडते. सलग मोठी फाइल वाचायची तर सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास निघतातही, पण विंडोज चालू होताना हजारो बारक्या फायली लागतात आणि त्या सगळीकडे पसरलेल्या असतात. आपल्याकडच्या पोस्टमनसारखं आहे हे, एक घर डोंगरावर, दुसरं खाली वहाळाजवळ, तिसरं पार पलीकडच्या वाडीत, पत्रं दहाच पण दिवस जातो. एसएसडी म्हणजे चिपांची बनलेली डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही त्यामुळे ही पायपीटच संपते. साटा (जुन्या डिस्कचीच जोडणी असलेली) एसएसडी सेकंदाला पाचशे-साडेपाचशे एमबी देते, पण खरा फरक पडतो तो पायपीट वाचल्याने. रॅम चार जीबी असेल तर तीही आठ करा, पण दोन्हीला पैसे नसतील तर आधी एसएसडी.

खराब झालीय की नुसती हळू आहे, कसं ओळखायचं?

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाका. निळं 'गुड' दिसलं तर ठीक, पिवळं 'कॉशन' असेल तर आजच्या आज कॉपी करायला बसा, लाल म्हणजे तुम्ही उशीर केलात. यादीत ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा, त्यांच्या शेवटच्या रकान्यात शून्यापेक्षा जास्त काही असेल तर डिस्कवरचे तुकडे मरायला लागलेत. आकडा लहान असला तरी रोज वाढतोय का ते बघा.

आतून टिक टिक आवाज येतोय. काय करू?

बंद करा. आत्ता. परत चालू करून "बघूया येतंय का" करू नका, प्रत्येक वेळी सुई आतल्या तबकडीवर घासण्याची भीती असते. फ्रीजमध्ये ठेवायचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका, आपल्या हवेत तर बाहेर काढल्याकाढल्या आतबाहेर घाम सुटतो. अशी डिस्क मी पण उघडत नाही, ती धूळ नसलेल्या खोलीतच उघडायची असते आणि तशी सोय मुंबई-पुण्याच्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडे असते. खर्च भरपूर येतो, तेव्हा आत काय आहे त्यावर ठरवा. लग्नाचे फोटो असतील तर घरच्यांना विचारून ठरवा, एकट्याने नको.

फॉर्मॅट मारण्याआधी काय काय काढून ठेवायचं?

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळ्यांना माहीत असतं. जे कोणाच्या लक्षात राहत नाही ते सांगतो.

टॅली वापरत असाल तर डेटाचं फोल्डर कुठे आहे ते टॅलीतच बघून घ्या, आणि लायसन्स आधी सरेंडर करा, नाहीतर नवीन विंडोजवर ते परत चालू करताना उगाच फोनाफोनी. आउटलुकवर ईमेल असतील तर पीएसटी फाइल. ब्राउझरमधले पासवर्ड. डिजिटल सहीचा टोकन असेल तर तो लॅपटॉपमध्ये नसतो, यूएसबीवर असतो, पण त्याचा ड्रायव्हर परत टाकावा लागतो, तो कुठून मिळतो ते आधीच लिहून ठेवा.

आणि फॉन्ट! ग्रामपंचायत, सोसायटी, लग्नपत्रिका छापणारे, हे लोक हमखास रडतात. जुनी पत्रं शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात, ती युनिकोड नाहीत, त्यामुळे नवीन विंडोजवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइल खराब झालेली नसते, फक्त फॉन्ट नसतो. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या आत फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे ते अख्खं कॉपी करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

एक देवगडचे बागायतदार दर वर्षी येतात, त्यांचा पेट्यांचा सगळा हिशोब एक्सेलमध्ये, कोणाला किती डझनाच्या किती पेट्या गेल्या, कोणाचे पैसे यायचेत. ती फाइल डेस्कटॉपवरही नव्हती आणि डॉक्युमेंट्समध्येही नव्हती, डी ड्राइव्हवर 'न्यू फोल्डर ३' मध्ये होती. म्हणून म्हणतो की फाइल शोधून कॉपी करण्यापेक्षा सगळंच कॉपी करा. तीनशे जीबीला जुन्या डिस्कवरून तासभर तरी धरा, बारक्या फायली जास्त असतील तर संध्याकाळ जाईल. आणि मार्च ते मे आंब्याच्या सीझनमध्ये हा उद्योग काढूच नका, दिवाळीनंतर या.

कॉपी झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार-पाच फायली उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे फाइल आली असं नाही.

जुनी डिस्क बाहेरून लावली तर ४८ आकडी की मागतेय, ही कुठची?

ही बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावायच्या कुलपाची, रिकव्हरी की. बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप लॉक होते, तुम्हाला कोणी विचारतही नाही. की त्या अकाउंटमध्ये सेव्ह असते. आता गंमत बघा, लॅपटॉप काकांचा होता, अकाउंट काकांचं, आणि काका गेले परत डोंबिवलीला. म्हणून स्क्रू काढायच्या आधी काकांना फोन लावा. की नसेल तर माझ्याकडे काय, कोणाकडेच उपाय नाही.

कुठली एसएसडी घ्यायची? दुकानदार साटा की एनव्हीएमई विचारतो

आधी लॅपटॉपमध्ये काय बसतं ते बघा. जुन्यात अडीच इंचाची साटा डिस्क असते, त्याच मापाची साटा एसएसडी घ्या, ती सात मिलिमीटर जाडीची असते. आधीची डिस्क साडेनऊची असेल तर नवीन थोडी हलते, काही एसएसडीबरोबर पातळ फ्रेम मिळते ती चिकटवा. थोड्या नवीन लॅपटॉपमध्ये एम डॉट टू स्लॉट असतो, चुईंगमच्या पट्टीसारखी डिस्क, बहुतेक २२८० मापाची म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. इथेच लोक फसतात, कारण त्याच स्लॉटमध्ये दिसायला सारख्याच दोन जातीच्या डिस्क असतात, साटा आणि एनव्हीएमई, आणि एका जातीचा स्लॉट दुसरीला ओळखेलच असं नाही. मॉडेल नंबर सांगून विचारा. लॅपटॉपचं पोट उघडून फोटो काढून दाखवलात तर अजून बरं.

काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी चिप थेट बोर्डवर चिकटवलेली असते. ती बदलता येत नाही. नवीन मॅकबुकचंही स्टोरेज सहज बदलण्यासारखं नसतं, त्यात मी हात घालत नाही.

साइज विचाराल तर २५६ कामचलाऊ, ५१२ घेतली की निदान चार वर्षं बघायला नको. नाव न ऐकलेली अगदी स्वस्त एसएसडी घेऊ नका, दोनेक हजार वाचवायच्या नादात काय होतं ते माझ्या ड्रॉवरमध्ये पडलंय.

१ टीबी घेतली आणि ९३१ जीबी दाखवतेय, फसवलं का?

नाही. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. ५१२ ची ४७६ दिसते, ५०० ची ४६५.

घरी स्वतः उघडता येईल का?

येईल, घाई नसेल तर. पीएच झिरो नंबरचा चांगला स्क्रूड्रायव्हर घ्या, बाजारातला वीस रुपयांचा सेट नको, त्याने स्क्रूचं डोकं गोल होतं. बंद करा, चार्जर काढा, खालचे स्क्रू काढा. झाकण तरी निघत नसेल तर ओढू नका, रबराच्या पायांखाली किंवा लांब रबरी पट्टीखाली अजून दोन लपलेले असतात. कडेने जुनं एटीएम कार्ड सरकवून क्लिपा सोडवा, स्टीलचा चमचा लावू नका (लावतात हो, ओरखडे मी बघितलेत). उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा. टचपॅड वर उचललेला दिसत असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते, ती टोचू-वाकवू नका, तो लॅपटॉप सरळ घेऊन या.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढा आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूडाच्या जागी पिळला की वर कीबोर्डला फोड येतो किंवा बोर्डात घुसतो.

आता आपल्याकडची गोष्ट. मालवण, वेंगुर्ला, देवगड, जिथे घर समुद्राच्या अगदी कडेला आहे तिथले लॅपटॉप आतून वेगळेच असतात. खारी हवा स्क्रू गंजवते, कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखं चढतं, पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि ओल मिळून लगदा होतो. गंजलेला स्क्रू जोर लावून फिरवू नका, डोक्यावर रुंद रबर बँड ठेवून त्यावरून स्क्रूड्रायव्हर दाबून हळू फिरवा, पकड येते. गंजावरचं स्प्रे तेल चालतं पण सुईच्या टोकावर घेऊन एक थेंब, थेट फवारा नाही, आणि खोबरेल तर अजिबात नाही. हिरवट झालेला कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पूर्ण सुकू द्या.

जुन्या डिस्कला एक लोखंडी पाळणा असतो, चार स्क्रूंचा, तो काढून नव्या एसएसडीला लावायचा. लोक तो डिस्कबरोबर टाकून देतात आणि मग एसएसडी आत लोंबकळते. तो पाळणा आणि साटाची पातळ पट्टी दोन्ही जपा, पट्टी तुटली तर त्याच मॉडेलची मागवायला दिवस लागतात.

पावसात भिजला, तांदळात ठेवू का?

तांदूळ भातासाठी ठेवा. चालू करू नका, चार्जर लावू नका, बॅटरी काढता येत असेल तर काढा आणि घेऊन या. साध्या हार्डडिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत जाऊ शकतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा चिखलातून काढलेल्या डिस्क लोकांनी धुऊन उन्हात वाळवून चालू करून बघितल्या, आणि वाळलेला गाळ आत फिरला की संपलं. चिखलातली डिस्क ओलीच, पिशवीत बांधून रिकव्हरीवाल्याकडे जाऊ दे.

क्लोन करू की नवीन विंडोज टाकू?

डिस्क ठणठणीत असेल आणि टॅली, प्रिंटर, सह्या सगळं बसवलेलं असेल तर क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची विंडोजसकट हुबेहूब नक्कल. क्लोनझिला फुकट आहे, पण त्याला मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर करायचं म्हटलं की आधी पार्टिशन (डिस्कचे सी, डी असे भाग) लहान करावं लागतं. डिस्कवर खराब तुकडे असतील किंवा विंडोजच कचरा झालं असेल तर क्लोन म्हणजे जुन्या घरातली वाळवी नव्या घरात नेणं. काकांचा लॅपटॉप असेल तर मी डोळे झाकून नवीन टाकतो.

विंडोज १० टाकू की ११?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सिक्युरिटी अपडेट वाढवून घ्यायची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ११ ला टीपीएम २.० (बोर्डवरची सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून ही अट चुकवून टाकता येतं, मी टाकून दिलेत पण, मात्र पुढची मोठी अपडेट आपसूक येईल अशी खात्री मी देत नाही. कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्यावर ११ ची २४एच२ आवृत्ती चालतच नाही, तिला लागणारी सूचनाच त्या प्रोसेसरला माहीत नाही.

ज्याला फक्त यूट्यूब, फॉर्म भरणं आणि टायपिंग एवढंच करायचंय त्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकावं, फुकट आहे आणि जुन्या मशीनवर छान पळतं. टॅली त्यावर सरळ चालत नाही. माझ्या आईच्या लॅपटॉपवर दोन वर्षं मिंट आहे, तिला अजून कळलेलं नाही.

पेनड्राइव्ह कसा बनवायचा? माझ्याकडे दिवसाला दोन जीबीच नेट आहे

निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यातलं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल वापरा. विंडोज ११ ची फाइल पाच जीबीच्या वर आहे, तेव्हा मोबाइल डेटावर बसू नका, ज्याच्याकडे फायबर आहे त्या मित्राकडे जा. चौकातल्या 'लाइफटाइम ॲक्टिव्हेटेड' विंडोजच्या सीडी-पेनड्राइव्ह घेऊ नका, त्यातले ॲक्टिव्हेटर बऱ्याचदा व्हायरस घेऊनच येतात.

पेनड्राइव्ह लावला पण जुनंच चालू होतं

चालू करताना बूट मेनूचं बटण टकटक दाबत राहा. एचपी एफ९, डेल आणि लेनोवो एफ१२, आसुस एस्केप, एसरला एफ१२ पण ते आधी बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) चालू करावं लागतं. काही लेनोवोंना बाजूला टाचणीने दाबायचं बारीक भोक असतं.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही

इंटेल अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे होतं. डिस्क ठीक असते, विंडोजच्या सेटअपकडे इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, झिप उघडून पेनड्राइव्हवर टाका आणि 'लोड ड्रायव्हर' दाबा. जीपीटी-एमबीआर (डिस्कची मांडणी करायच्या नव्या-जुन्या पद्धती) वरून अडलं तर बायोसमध्ये लेगसी ही चालू व्हायची जुनी पद्धत बंद करून यूईएफआय ही नवी ठेवा. नवीन रिकामी डिस्क असेल तर सगळी पार्टिशन उडवून 'अनअलोकेटेड'वर नेक्स्ट.

पण थांबा. 'उडवून' म्हणालो म्हणून माझीच गोष्ट सांगतो. दुकान काढून वर्ष झालं होतं, मामांचा लॅपटॉप, डीव्हीडीच्या जागी कॅडी (दुसरी डिस्क बसवायची चौकट) लावून जुनी ५०० ची डिस्क तिकडे घातली, नवीन ५०० ची एसएसडी मूळ जागी. सेटअपमध्ये ड्राइव्ह ० आणि ड्राइव्ह १, दोन्ही ४६५.८ जीबी. रात्रीचे अकरा, पाऊस, आणि मी ठामपणे ड्राइव्ह १ ची पार्टिशन पुसली आणि विंडोज टाकलं. विंडोज एवढं हळू का चाललंय हे बघताना लक्षात आलं की ते जुन्या डिस्कवर बसलंय. त्यात मामांनी दहा वर्षं जत्रांमध्ये शूट केलेली दशावतारी नाटकं होती. लगेच बंद केलं, टेस्टडिस्क आणि फोटोरेक या पुसलेलं शोधणाऱ्या सॉफ्टवेअरनी चार रात्री बसून बरंच परत आणलं, नावं गेली, फोटो आले, पण ज्या जागेवर विंडोज बसलं होतं तिथलं गेलं ते गेलंच. एका नाटकात संकासुर येतो आणि बोलायच्या आधीच व्हिडिओ संपतो. मामा अजून तो पाहुण्यांना लावून दाखवतात, माझ्याकडे बघत.

तेवढं परत आलं कारण ती हार्डडिस्क होती. एसएसडी असती तर ट्रिम नावाचा प्रकार पुसलेली जागा थोड्याच वेळात आतून साफ करतो, मग फोटोरेकला पण काही सापडत नाही. तेव्हापासून इन्स्टॉल करताना दुसरी डिस्क मी काढून टेबलावर ठेवतो. याचा अजून एक फायदा आहे, दोन डिस्क असल्या की विंडोज कधीकधी बूटची फाइल दुसरीवरच ठेवतं आणि नंतर ती काढली की लॅपटॉप चालूच होत नाही.

प्रॉडक्ट की सापडत नाही

विंडोज ८ किंवा नंतरचं विंडोज कंपनीतूनच टाकून आलं असेल तर की बोर्डवरच्या बायोसमध्ये असते. 'माझ्याकडे की नाही' दाबा, आधी होतं तेच होम किंवा प्रो निवडा, त्या लॅपटॉपवर १० किंवा ११ आधी ॲक्टिव्हेट असेल तर नेट लागलं की आपोआप परत होतं. डिस्क बदलल्याने लायसन्स जात नाही, बोर्ड बदलला तर भानगड.

सेटअप नेटशिवाय पुढेच जात नाही आणि वाय-फाय दिसत नाही

मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. पुढे विंडोज अपडेट बाकीचे ड्रायव्हर आणतं.

मराठी टायपिंग?

सेटिंगमध्ये भाषा विभागात मराठी टाका. इनस्क्रिप्ट हा सरकारी मराठी कीबोर्ड आहेच, २०१९ पासून फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चारासारखं टाइप करायचा) कीबोर्डही विंडोजमध्येच येतो. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.

मधेच लाईट गेली तर?

कॉपी किंवा इन्स्टॉल सुरू करायच्या आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टर असलेल्या घरी जा. वळवाच्या दिवसांत किंवा ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून उपटा, नुसतं बटण बंद करून चालत नाही.

जुन्या डिस्कचं काय करू?

महिनाभर तशीच ठेवा, पुसू नका, काहीतरी राहिलेलं हमखास आठवतं. मग क्रिस्टलडिस्कइन्फोत निळी असेल तर तीनेकशे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि डबा भिंतीला टेकवून ठेवू नका, जुलैत भिंती घाम गाळतात. पिवळी-लाल असेल तर भंगारवाल्याला अख्खी देऊ नका, आत तुमचं आधार आणि बँकेचं पासबुक आहे, तबकडीला ड्रिलने भोकं पाडून द्या. आतली दोन लोहचुंबकं मात्र काढून घ्या, दुकानाच्या शटरला माझ्या सगळ्या पावत्या त्यांनीच लावलेल्या आहेत.